प्रभागांच्या रेषा आणि प्रतिनिधित्वाचा न्याय : शिकागो शहर, १९८१ ते १९८६

प्रस्तावना

लोकशाहीच्या अभ्यासात आपण मताधिकाराचा इतिहास शिकतो. मत कोणाला मिळाले, केव्हा मिळाले आणि त्यासाठी कोणता लढा द्यावा लागला, हे प्रश्न त्यात येतात. परंतु मत मिळाल्यानंतर आणखी एक प्रश्न उरतो : ते मत कोणत्या मतदारसंघात मोजले जाते? एकाच शहरात तेच मतदार आणि तेवढीच मते असूनही प्रभागांच्या सीमा वेगळ्या आखल्या, तर निकाल वेगळा लागू शकतो. म्हणूनच प्रभागरचना हे केवळ कारकुनी काम राहत नाही. सत्तेची वाटणी कशी होणार, हे तेथे मतदानाच्या आधीच बऱ्याच अंशी ठरते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण घेतले आहे. १९८० च्या जनगणनेनंतर तेथील नगर परिषदेने प्रभागांचा नवा नकाशा तयार केला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नागरिकांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. चार-पाच वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर काही प्रभाग नव्याने आखले गेले, सात प्रभागांत विशेष निवडणूक झाली आणि शहराच्या परिषदेतील बहुमत बदलले. प्रभागाची रेषा सरकल्याने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

काही मूलभूत संकल्पना

लोकसंख्या सारखी असूनही एखाद्या गटाचे मत दुबळे करण्याच्या तीन प्रमुख पद्धती इतिहासात आढळतात.

पहिली पद्धत म्हणजे संपूर्ण शहर हाच एक मतदारसंघ ठेवणे. सर्व जागांसाठी शहरातील सर्व मतदार मतदान करतात. शहरात एक गट ६५ टक्के आणि दुसरा ३५ टक्के असेल आणि दोन्ही गट आपापल्या उमेदवारालाच मत देत असतील, तर पहिला गट सर्वच्या सर्व जागा जिंकतो. ३५ टक्क्यांच्या हाती काहीही लागत नाही.

दुसरी पद्धत फोडणीची. एखाद्या गटाची वस्ती सलग असते, पण सीमारेषा तिच्या मधून काढून तिचे तुकडे शेजारच्या तीन-चार प्रभागांना जोडले जातात. त्यामुळे तो गट कोठेच बहुसंख्य राहत नाही.

तिसरी पद्धत कोंबण्याची. त्या गटाचे मतदार मोजक्याच प्रभागांत ठासून भरले जातात. तेथे त्यांचा उमेदवार ९० टक्के मतांनी निवडून येतो, पण जिंकण्यासाठी लागणाऱ्या मतांपेक्षा जास्तीची सर्व मते वाया जातात आणि आजूबाजूचे प्रभाग दुसऱ्या गटाकडे सुरक्षित राहतात.

सोयीनुसार सीमा आखण्याच्या या प्रकाराला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेल्या एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो, अशी टीका झाली होती. ते आडनाव आणि त्या प्राण्याचे नाव यांच्या संयोगातून हा शब्द बनला.

पार्श्वभूमी : मताधिकारापासून मताच्या वजनापर्यंत

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. तरीही दक्षिणेकडील राज्यांत साक्षरता चाचणी, मतदान कर आणि उघड दहशत यांच्या बळावर कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यात आले. जेथे ते मतदार झाले, तेथे रेषा सरकवण्यात आल्या. अलाबामातील टस्कीगी हे याचे सर्वात ठळक उदाहरण होय. १९५७ मध्ये तेथील विधिमंडळाने शहराची चौकोनी हद्द बदलून ती २८ बाजूंची केली. परिणामी शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता बाकी सारे शहराबाहेर गेले. एकही श्वेतवर्णीय मतदार मात्र बाहेर गेला नाही. गोमिलियन विरुद्ध लाइटफूट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये अशी हद्दबदल घटनेशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा अमलात आला. त्यातील दोन कलमे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. कलम ५ नुसार, भेदभावाचा इतिहास असलेल्या ठराविक प्रदेशांना निवडणूक नियमांत किंवा सीमांत बदल करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या न्याय विभागाची किंवा वॉशिंग्टन येथील न्यायालयाची पूर्वसंमती घेणे बंधनकारक झाले. कलम २ मात्र संपूर्ण देशाला लागू होते. वंशाच्या आधारे मताधिकार हिरावणारी किंवा संकुचित करणारी कोणतीही पद्धत त्याने निषिद्ध ठरवली.

पण भेदभाव सिद्ध करायचा म्हणजे काय सिद्ध करायचे? हा प्रश्न १९८० मध्ये अलाबामातील मोबील शहराच्या खटल्यात निर्णायक ठरला. तेथे १९११ पासून तीन सदस्यांचे आयोग शहराचा कारभार पाहत असे आणि तिन्ही सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते, पण त्यांच्यापैकी एकही जण कधी आयोगावर निवडून आला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ परिणाम दाखवून भागत नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वी नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते, हे सिद्ध करणे किती कठीण असते याची कल्पना इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सहज यावी.

या निकालावर देशभर टीका झाली आणि काँग्रेसने कायदाच बदलला. २९ जून १९८२ रोजी संमत झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या पद्धतीचा एकूण परिणाम अल्पसंख्याक मतदारांना समान संधी नाकारणारा असेल, तर हेतू सिद्ध न करताही कलम २ चा भंग मानता येऊ लागला. त्याच दुरुस्तीत एक मर्यादाही नमूद केली गेली : लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क या कलमातून निर्माण होत नाही. संधीची हमी आहे, संख्येची नाही, हा फरक पुढे सतत लक्षात ठेवावा लागतो. मोबीलमध्येही पुढे प्रभागपद्धती आली आणि १९८५ मध्ये सात सदस्यांच्या नव्या परिषदेवर तीन कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले.

शिकागोची वस्ती आणि शिकागोची परिषद

शिकागोत परिस्थिती दक्षिणेपेक्षा वेगळी होती. तेथे कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखले जात नव्हते. १९१५ मध्येच ऑस्कर डी प्रीस्ट हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक म्हणून निवडून आले होते. तेथे त्या काळी नगरसेवकाला ऑल्डरमन म्हणत. १९२३ पासून परिषदेत ५० प्रभाग आणि प्रत्येक प्रभागातून एक सदस्य अशी रचना आहे.

विसाव्या शतकात दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आली. शिकागोत १९१० मध्ये त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९८० मध्ये ती सुमारे १२ लाखांवर पोहोचली. पण घर कोठे घ्यायचे याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. कृष्णवर्णीयांना घर विकू नये असे करार मालमत्तेच्या कागदपत्रांतच लिहिले जात. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा करारांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असे ठरवले, तरी वस्त्यांची विभागणी टिकून राहिली. दक्षिण आणि पश्चिम भागांत कृष्णवर्णीयांच्या सलग वस्त्या तयार झाल्या. मेक्सिकन कुटुंबे पिल्सन आणि लिटल व्हिलेज भागांत, तर प्वेर्तो रिकन कुटुंबे वायव्येकडील हम्बोल्ट पार्क परिसरात स्थिरावली.

शहराचे राजकारण डेमोक्रॅटिक पक्षाच्या यंत्रणेच्या हाती होते. रिचर्ड जे. डेली हे १९५५ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौर होते आणि पक्षसंघटनेचे सूत्रधारही तेच होते. नोकऱ्या, कंत्राटे आणि नागरी सेवा यांच्या वाटपातून प्रभागाप्रभागांत निष्ठा बांधली जाई. कृष्णवर्णीय नगरसेवक परिषदेत होते, पण त्यांपैकी बहुतेक यंत्रणेच्या मर्जीवर अवलंबून होते. शाळा, गृहनिर्माण आणि पोलिसांची वागणूक या प्रश्नांवर परिषदेत स्वतंत्र आवाज फारसा उमटत नसे. म्हणून केवळ त्या समाजाचा माणूस सभागृहात आहे एवढ्यावरून त्या समाजाला प्रतिनिधित्व मिळाले, असे मानता येत नाही.

१९८१ चा नकाशा

१९८० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. दहा वर्षांत श्वेतवर्णीय कुटुंबे मोठ्या प्रमाणावर उपनगरांत गेली होती. आता शहरात कृष्णवर्णीय सुमारे ४० टक्के, लॅटिनो सुमारे १४ टक्के आणि बिगर-लॅटिनो श्वेतवर्णीय सुमारे ४३ टक्के होते. लोकसंख्या बदलली की प्रभाग पुन्हा समसमान करावे लागतात, त्यामुळे नवा नकाशा आवश्यक होता.

महापौर जेन बर्न यांच्या कारकिर्दीत १९८१ च्या अखेरीस परिषदेने तो मंजूर केला. तो आखण्यात टॉमस कीन यांचा मोठा हात होता. कीन हे डेली यांच्या काळातील परिषदेचे अत्यंत प्रभावी नेते होते. १९७४ मध्ये फसवणुकीच्या प्रकरणात दोषी ठरल्यामुळे त्यांचे सदस्यत्व गेले होते, तरी नकाशाचे काम त्यांच्याकडेच आले.

शहरातील कृष्णवर्णीयांचा वाटा वाढला असताना कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या प्रभागांची संख्या मात्र १९ वरून १७ वर आली. हे कसे घडले? कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय वस्त्यांच्या सीमेवर काही प्रभाग होते. तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे वाढत होती आणि विद्यमान नगरसेवक श्वेतवर्णीय होते. नव्या नकाशात अशा प्रभागांतून कृष्णवर्णीय गल्ल्या काढून आधीच कृष्णवर्णीय बहुल असलेल्या शेजारच्या प्रभागांत टाकण्यात आल्या आणि श्वेतवर्णीय वस्ती आत घेण्यात आली. लॅटिनो वस्त्यांबाबत फोडणीची पद्धत वापरली गेली. वायव्येकडील आणि नैर्ऋत्येकडील त्यांच्या सलग वस्त्या अनेक प्रभागांत वाटल्या गेल्या. म्हणजे एकाच नकाशात एका समाजासाठी कोंबणी आणि दुसऱ्या समाजासाठी फोडणी वापरलेली दिसते.

केचम विरुद्ध बर्न : न्यायालयातील युक्तिवाद

कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांनी १९८२ मध्ये स्वतंत्र याचिका दाखल केल्या. केंद्रीय न्याय विभागही या वादात उतरला. केचम विरुद्ध बर्न या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. डिसेंबर १९८२ मध्ये जिल्हा न्यायालयाने नकाशा कलम २ चा भंग करतो असा निर्णय दिला आणि कृष्णवर्णीय बहुसंख्येचे १९ प्रभाग असलेला सुधारित नकाशा मान्य केला. फेब्रुवारी १९८३ ची निवडणूक या सुधारित नकाशावर झाली.

याचिकाकर्त्यांचे समाधान मात्र झाले नाही. त्यांनी अपील केले. १७ मे १९८४ रोजी सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती रिचर्ड कडाही यांनी लिहिलेल्या या निकालात दोन मुद्दे विशेष अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा हेतूचा. नकाशा आखणाऱ्यांच्या बाजूने असे म्हटले गेले होते की आमचा उद्देश वांशिक नव्हता, आम्हाला फक्त विद्यमान नगरसेवकांच्या जागा राखायच्या होत्या. प्रत्येक परिषद असे करतेच. यावर अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते : ज्या प्रभागात कृष्णवर्णीय वस्ती वाढत आहे, तेथील श्वेतवर्णीय नगरसेवकाची जागा राखायची तर कृष्णवर्णीय मतदारांना बाहेर काढण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. अशा वेळी जागा राखणे आणि वंशाच्या आधारे भेद करणे या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. वैरभाव नसतानाही केवळ सत्ता टिकवण्याच्या इच्छेतून अन्याय घडू शकतो, हे यातून न्यायालयाने दाखवून दिले.

दुसरा मुद्दा बहुसंख्येच्या अर्थाचा. प्रभागात एखाद्या समाजाची लोकसंख्या ५१ टक्के आहे, म्हणून त्याला आपला प्रतिनिधी निवडण्याची संधी मिळालीच असे होत नाही. ज्या समाजात मुलांचे प्रमाण अधिक असते, तेथे मतदानाच्या वयाचे लोक कमी असतात. नावनोंदणी कमी असते. मतदानाला येणाऱ्यांचे प्रमाणही कमी असते. या प्रत्येक कारणासाठी ढोबळमानाने ५ टक्के धरून ५० मध्ये १५ मिळवले, तर ६५ टक्के हा आकडा येतो. असा ठोकताळा त्या काळात प्रचलित होता. अपील न्यायालयाने तो लक्षात घेण्यास सांगितले आणि एकूण लोकसंख्येऐवजी मतदानाच्या वयाच्या लोकसंख्येकडे पाहण्यावर भर दिला. प्रकरण पुन्हा जिल्हा न्यायालयाकडे गेले.

या ठोकताळ्याचा धोकाही ध्यानात घ्यावा. नोंदणी आणि मतदान कमी का होते, तर दीर्घकाळच्या वंचनेमुळे. त्यावर उपाय म्हणून ६५ टक्के मतदार एका प्रभागात आणले आणि पुढे मतदान वाढले, तर तोच उपाय कोंबणी ठरू शकतो. म्हणून हा आकडा कायमचा नियम म्हणून वापरता येत नाही.

परिषदेतील संघर्ष

खटला चालू असतानाच शहराच्या राजकारणात मोठी घटना घडली. फेब्रुवारी १९८३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांचा पराभव केला. १२ एप्रिल १९८३ रोजी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांना थोड्या फरकाने हरवून वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. नव्याने नोंदवलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा उत्साह, लॅटिनोंचा पाठिंबा आणि श्वेतवर्णीय मतदारांपैकी एका छोट्या पण निर्णायक गटाची साथ यांतून हा विजय घडला.

महापौरपदाची निवडणूक संपूर्ण शहरातून होते. परिषद मात्र प्रभागांतून येते. तेथे चित्र वेगळे होते. ५० पैकी १६ नगरसेवक कृष्णवर्णीय आणि १ लॅटिनो होता. उरलेले ३३ श्वेतवर्णीय होते. म्हणजे सुमारे ४३ टक्के लोकसंख्येकडे ६६ टक्के जागा होत्या आणि १४ टक्के लॅटिनोंकडे २ टक्के. एडवर्ड व्हर्डोल्याक आणि एडवर्ड बर्क यांच्या नेतृत्वाखाली २९ सदस्यांचा विरोधी गट तयार झाला. महापौरांच्या बाजूला २१ होते, त्यांत सोळाही कृष्णवर्णीय आणि ५ श्वेतवर्णीय सदस्य होते.

या २९ सदस्यांनी परिषदेच्या समित्या ताब्यात घेतल्या आणि महापौरांनी सुचवलेल्या नेमणुका अडवून धरल्या. उलट महापौरांचा नकाराधिकार फेटाळण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे ३४ मते लागत, ती विरोधकांकडे नव्हती. त्यामुळे कोणालाच पूर्ण कारभार करता येईना. तीन वर्षे चाललेल्या या कोंडीला परिषदेतील युद्धे असे नाव पडले. शहराने महापौर निवडला होता, पण त्याच शहरातून वेगळ्या रेषांनी निवडलेली परिषद त्याला रोखत होती.

सात प्रभागांची निवडणूक

जून १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेची याचिका सुनावणीसाठी घेण्यास नकार दिला. त्यानंतर नव्या सीमांवर तडजोड झाली आणि न्यायमूर्ती चार्ल्स नॉर्गल यांनी सात प्रभागांत विशेष निवडणूक घेण्याचा आदेश दिला. १५, १८, २२, २५, २६, ३१ आणि ३७ हे ते प्रभाग. १८ मार्च १९८६ रोजी मतदान झाले. २२ व्या प्रभागात हेसूस गार्सिया आणि ३७ व्या प्रभागात पर्सी जाइल्स हे महापौरांचे सहकारी निवडून आले. १५ आणि २६ या प्रभागांत निर्णायक फेरी घ्यावी लागली. २९ एप्रिल रोजी १५ व्या प्रभागातून मार्लिन कार्टर आणि २६ व्या प्रभागातून लुइस गुटिएरेझ विजयी झाले.

२९ विरुद्ध २१ हे गणित आता २५ विरुद्ध २५ झाले. समसमान मते पडल्यास महापौरांचे मत निर्णायक ठरत असे. अडकलेल्या नेमणुका मार्गी लागल्या, समित्यांवरील विरोधकांची पकड सुटली. ५० पैकी केवळ सात प्रभागांच्या निवडणुकीने, आणि त्यांतीलही चार जागांच्या बदलाने, ३० लाख लोकवस्तीच्या शहराचा कारभार बदलला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन पुन्हा निवडून आले, पण २५ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांनी बांधलेली आघाडी फार काळ टिकली नाही.

निकालांचा अर्थ : रेषा काय करू शकते?

उरलेल्या तीन प्रभागांचे निकाल विद्यार्थ्यांनी दुर्लक्षू नयेत, कारण या प्रकरणातील सर्वात सूक्ष्म धडा तेथे आहे.

१८ व्या प्रभागाची पुनर्रचना होऊनही तेथे श्वेतवर्णीय नगरसेवक रॉबर्ट केलम यांनीच जागा राखली. २५ व्या प्रभागातून हुआन सोलिझ आणि ३१ व्या प्रभागातून मिगेल सँटियागो हे लॅटिनो उमेदवार विजयी झाले, पण ते महापौरांच्या विरोधी गटाबरोबर राहिले. म्हणजे नव्या सीमांनी निकाल ठरवून दिला नव्हता. मतदारांना निवड करण्याची संधी दिली होती आणि ती संधी त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे वापरली. परिषदेतील लॅटिनो सदस्य एकावरून चार झाले, पण चौघांचे राजकारण एक नव्हते. समाज म्हणजे एकच मत नव्हे. न्याय्य प्रभागरचनेमुळे त्या समाजातील मतभेदांनाही सभागृहात जागा मिळते, आणि हेच तिच्या यशाचे एक लक्षण मानता येते.

दुसरे निरीक्षण वस्तीविषयी. अल्पसंख्याक बहुल प्रभाग आखता आले, कारण शहर वस्त्यांमध्ये विभागलेले होते. जी विभागणी अन्यायातून निर्माण झाली, तिच्यावरच प्रतिनिधित्वाचा उपाय उभा राहिला. एखादा समाज शहरभर विखरून राहत असेल, तर कोणत्याही रेषेने त्याला प्रभाग मिळवून देता येत नाही. ज्या दिवशी वस्त्या खरोखर मिसळतील, त्या दिवशी हा उपाय आपोआप निरुपयोगी होईल. तेव्हा त्याची गरजही उरणार नाही, अशी आशा त्यामागे गृहीत आहे. ती आशा रास्त आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

पुढील वाटचाल

१९८६ मध्येच थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम २ साठी तीन प्राथमिक अटी ठरवल्या. अल्पसंख्याक गट एका प्रभागात बहुसंख्य होण्याइतका मोठा आणि सलग वस्तीचा असावा. तो राजकीयदृष्ट्या बऱ्याच अंशी एकत्र मतदान करणारा असावा. आणि बहुसंख्याक गट इतका एकगठ्ठा मतदान करीत असावा की अल्पसंख्याकांचा उमेदवार सहसा पराभूत होतो. या अटी पूर्ण झाल्यावर न्यायालय इतर सर्व परिस्थिती तपासते.

१९९३ मध्ये शॉ विरुद्ध रेनो या खटल्यात दुसरी बाजू पुढे आली. नॉर्थ कॅरोलायनात महामार्गाच्या कडेने सुमारे १६० मैल पसरलेला एक चिंचोळा मतदारसंघ आखला गेला होता. केवळ वंशाच्या आधारावरच समजावून सांगता येईल अशा विचित्र रचनेला घटनात्मक आव्हान देता येते, असे न्यायालयाने म्हटले. वंशाचा विचार केलाच नाही तर अन्याय दुरुस्त होत नाही, आणि वंश हाच एकमेव निकष केला तर नवा दोष निर्माण होतो. या दोहोंच्या मधली वाट काढणे हे नकाशा आखणाऱ्यांपुढचे काम झाले. २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने पूर्वसंमती कोणत्या प्रदेशांना लागू होते हे ठरवणारे सूत्र रद्द झाले, त्यामुळे कलम ५ निष्प्रभ बनले. २०२३ मध्ये अ‍ॅलन विरुद्ध मिलिगन या खटल्यात मात्र गिंगल्सची चौकट न्यायालयाने कायम ठेवली.

भारतीय संदर्भात विचार

हाच प्रश्न भारतात वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी निव्वळ प्रादेशिक मतदारसंघांच्या मर्यादा दाखवल्या होत्या. समाज गटांत विभागलेला असेल, तर असे मतदारसंघ अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व देऊ शकत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा हा मार्ग स्वीकारला गेला. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, कलम २४३न अन्वये नगरपालिकांत अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या.

दोन्ही पद्धतींतील फरक स्पष्ट आहे. आरक्षण उमेदवार कोण असू शकतो हे ठरवते, मतदार सर्व समाजांचे असतात. अमेरिकी पद्धत उमेदवारीवर बंधन घालत नाही, ती मतदारसंघाची घडण बदलते. भारतात शहरातील धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नाहीत. म्हणून त्यांच्या बाबतीत प्रभागाची रेषा कोठून जाते हा प्रश्न येथेही तितकाच जिवंत राहतो. शिवाय कलम २४३यछ नुसार प्रभागरचनेसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही. शिकागोतील नागरिकांना जो दरवाजा उघडा सापडला, तो येथे बराच अरुंद आहे. त्यामुळे प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना नोंदवण्याचा जो अल्प काळ मिळतो, त्याचे महत्त्व वाढते. नकाशा वाचता येणे हे येथे नागरिकत्वाचे कौशल्य ठरते.

सारांश

शिकागोच्या इतिहासावरून चार गोष्टी लक्षात राहाव्यात. एक, मताधिकार समान असूनही मताचे वजन असमान असू शकते. दोन, सत्ताधाऱ्यांनी आपल्या जागा राखणे हे तटस्थ कारण वाटले, तरी विभागलेल्या शहरात त्याचे ओझे ठराविक समाजावर पडते. तीन, संधी मोजताना लोकसंख्येबरोबर वय, नोंदणी आणि प्रत्यक्ष मतदान यांचाही विचार करावा लागतो. चार, न्याय्य रेषा निकालाची हमी देत नाही. ती फक्त निवडणूक खरी करते. पुढचे काम मतदारांचे असते.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. फोडणी आणि कोंबणी या पद्धती १९८१ च्या नकाशाच्या आधारे स्पष्ट करा.

२. विद्यमान नगरसेवकांच्या जागा राखणे हा नकाशाचा तटस्थ हेतू मानता येईल का? केचम निकालाच्या संदर्भात चर्चा करा.

३. ६५ टक्क्यांच्या ठोकताळ्याची आवश्यकता आणि मर्यादा लिहा.

४. राखीव जागा आणि प्रभागांची पुनर्रचना या दोन उपायांची तुलना करा.

५. आपल्या शहराच्या किंवा गावाच्या सध्याच्या प्रभागरचनेचा नकाशा मिळवा. एखादी सलग वस्ती किती प्रभागांत विभागली आहे ते पाहा आणि त्याची संभाव्य कारणे नोंदवा.